वाचून दाखविला, बरोबर आहे

वीरण्णा निटुरे यांनी आयुष्यभर लिहिलं, पण स्वतःचं असं काही लिहिलं नाही. आधी निलंग्याला आणि तालुका झाल्यावर शिरूर अनंतपाळला, तहसीलीच्या फाटकाजवळ लिंबाखाली, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन ते लोकांचं बोलणं कागदावर उतरवत बसले. त्यांना अर्जनवीस म्हणत. शब्द निजामाच्या अमलातला, राज्य गेलं तरी लिंबाखाली राहिलेला.

माणूस रडत यायचा. वीरण्णा त्याचं रडणं तीन परिच्छेदांत बसवायचे. ‘बायको गेली सोडून’ असं कुणी म्हटलं की कागदावर ‘पत्नी कोणासही न सांगता अज्ञात स्थळी निघून गेली आहे’ असं उमटायचं. मग ते वाचून दाखवायचे. माणसाचा हुंदका थांबायचा. आपलं दुःख कुणी तरी इस्त्री करून परत दिलं, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. अंगठा उठला की वीरण्णा खाली एक ओळ लिहायचे, ‘जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे.’ ही ओळ त्यांनी किती हजार वेळा लिहिली असेल, याचा हिशेब नाही. हात ती आपोआप लिहायचा, जसा झोपेत माणूस कूस बदलतो.

त्यांच्या घरात कानडी होती. दुसरीत असताना वर्गात तहान लागली आणि त्यांनी मास्तरांना ‘नीरु’ मागितलं. वर्ग हसला. मास्तरांनी पाणी देण्याआधी ‘पाणी’ हा शब्द पन्नास वेळा लिहून घेतला. त्या दिवसानंतर वीरण्णांनी चुकीचा शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नाही. वाण्याच्या दुकानातही ते ‘कृपया’ म्हणत. बायको महादेवी म्हणायची, “तुमच्याशी बोलायचं म्हणजे स्टँपपेपर आणावा लागतो.”

महादेवी गेली आणि मुलगी मंजुश्री त्यांना नांदेडला घेऊन आली. ती तिथल्या कॉलेजात शिकवायची. वीरण्णा दुपारभर खिडकीशी बसून तरोड्याच्या रस्त्यावरचे ऑटो बघत. लिहायला कुणी काही सांगत नव्हतं. एकदा त्यांनी दूधवाल्याला विचारलं होतं, की तुमची काही तक्रार आहे का.

करोना ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात उज्वला जाधव त्यांच्याकडे आल्या. मंजुश्रीची मैत्रीण, वकील, वजिराबादेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ‘डोंगरकाठ मंच’ चालवणारी बाई. मंचाचं काम किनवट-माहूरच्या डोंगरातल्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांचे वनहक्काचे दावे तयार करून देण्याचं होतं. पिढ्यान् पिढ्या कसत असलेली जंगलातली जमीन स्वतःच्या नावावर व्हायची, तर १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ती आपल्या ताब्यात आहे असा पुरावा लागतो. ज्यांच्याकडे कागदाचा कपटा नाही, त्यांच्या बाबतीत वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही कायदा पुरावा म्हणून घेतो.

“काका, आमची पोरं लिहितात ते वाचवत नाही,” उज्वला म्हणाल्या. “तुमचं अक्षर आहे, भाषा आहे. याल?”

“अक्षराचं काही नाही,” वीरण्णा म्हणाले, आणि आत जाऊन पेटी घेऊनच आले.

आदिलाबादच्या गाडीनं किनवट आणि तिथून जीपनं डोंगर, असे त्यांचे फेरे सुरू झाले. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पंधरा-वीस कुडाची घरं, मध्ये चावडी, आणि भोवती एवढी शांतता, की माणसाला स्वतःच्या चपलेची लाज वाटावी. अकरा पोडांतले एक्केचाळीस जबाब वीरण्णांनी लिहिले. पण त्यांतला मनात राहिला तो एकच, टेंभरपोडचा, सरजाबाई टेकाम यांचा.

सरजाबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. वीरण्णा चावडीत टेकले, तेव्हा त्यांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, “ईर.”

वीरण्णांनी तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत. “काय म्हणालात?”

“ईर. पानी. पी ना बाप्पा. जहर न्हाई.”

नीरु. ईर. साठ वर्षांपूर्वी वर्ग ज्याला हसला होता, तो शब्द डोंगरात अर्धा होऊन राहिला होता. वीरण्णांनी पाणी घटाघटा पिऊन टाकलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मग त्यांनी पेटी उघडली. टेंभरपोडची एकोणीस घरं आज ओढ्याच्या अलीकडे होती. शेतं पलीकडे, जुन्या जागेवर. मोहाची झाडं आणि मेलेल्यांच्या जागेवरचे दगडही पलीकडे. दावा त्या पलीकडच्या जमिनीचा होता.

“तुम्ही ओढ्याच्या अलीकडे कधी आलात?”

“पोड उठलं तवा.”

“कधी? भूकंपाच्या आधी की नंतर?” लातूरकडचा माणूस सगळं आयुष्य त्या एका पहाटेनं मोजतो.

“कोन्ता भूकंप?” सरजाबाईंनी विचारलं.

एवढा मोठा भूकंप, आणि कुणाला माहीत नाही. पोडाचे प्रमुख, नाईक शेषेराव टेकाम, सातवीपर्यंत शिकलेले, पन्नाशीचे, ते मध्ये पडले. “मोठ्या मोहावर इज पडली त्या सालचं, काका. माझी थोरली तवा रांगत होती. म्हंजे दोन हजार चार.”

“त्या साली ताप आला,” सरजाबाई सांगू लागल्या. “माझा मालक गेला. लेक गेली, भीमाबाई. आखीन तिगं गेले. पोडात एकावर एक मानूस मेलं का पोड उठते. उठलं, पल्याडून अल्याड बसलं. पोड उठते. जिमीन न्हाई उठत. जिमीन कुठं जाते?”

वीरण्णा लिहीत होते. ‘सन २००४ मध्ये साथीच्या रोगामुळे मनुष्यहानी झाल्याने आम्ही ग्रामस्थांनी सदर ठिकाणाहून स्थलांतर केले.’

स्थलांतर. चांगला शब्द होता. भरदार, सरकारी, कुणी नाक मुरडणार नाही असा. ‘पोड उठते’ कसं लिहिणार? कोंबडं उठतं, पोरगं उठतं. आणि जमीन उठत नाही, हे तर कुणालाही कळतं. जबाबात म्हणी नसाव्यात, असा वीरण्णांचा नियम होता. ती ओळ त्यांनी गाळली.

जबाब त्यांनी वाचून दाखवला. भरभर, एका सुरात, लिंबाखाली वाचायचे तसा. सरजाबाई मान डोलावत राहिल्या. कीर्तनातही माणसं अशीच डोलतात. अंगठा उठला. हातानं खाली आपली ओळ लिहिली.

दावा नामंजूर होऊन आला तो पुढच्या पावसाळ्यात. उज्वलांनी कागद टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘दावेदारांच्या ज्येष्ठ साक्षीदाराने स्वतःच सन २००४ मध्ये सदर जागेवरून स्थलांतर केल्याचे मान्य केले आहे. सबब, विहित तारखेस जमीन ताब्यात असल्याचे सिद्ध होत नाही.’

खाली झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. खोलीची फरशी बारीक थरथरत होती.

“काका, ते लोक जागा सोडून गेले होते?” उज्वलांनी विचारलं.

“नाही. घरं हलवली. ओढ्यापलीकडून अलीकडे. दोनशे पावलं असतील. पेरणी एक साल चुकली नाही.”

“मग हे यात कुठंय?”

वीरण्णांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. स्वतःचं अक्षर त्यांनी पहिल्यांदाच परक्याचं असल्यासारखं वाचलं. सुंदर अक्षर होतं. एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

अपिलाला मुदत होती. वीरण्णा एकटेच टेंभरपोडला गेले. चावडीत बसून त्यांनी सरजाबाईंना तो जबाब पुन्हा वाचून दाखवला, यावेळी सावकाश, एकेका शब्दाचा अर्थ सांगत.

सरजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. “हे कोन बोललं?”

“तुम्ही.”

“म्या न्हाई. हे कोनी तरी मोठं मानूस बोललं.”

“मी लिहिलं,” वीरण्णा म्हणाले. “तुम्ही म्हणालात पोड उठलं. मी लिहिलं, स्थलांतर केलं. सरकारनं त्याचा अर्थ घेतला, तुम्ही जमीन सोडली.”

“आन् जिमीन उठत न्हाई म्हनलं, ते?”

“ते लिहिलं नाही.”

“काहून?”

“वाटलं, तेच तेच आहे.”

सरजाबाई हसल्या. तोंडात दोनच दात होते. “तेच तेच तर हाय, बाप्पा. दर साली तिथंच पेरतो, तिथंच कापतो. मेल्यावर तिथंच जातो. माझा मालक तिथं, लेक तिथं. तिच्या शेजारी एका मानसापुरती जागा ठिवली म्या.” मग हसणं थांबवून त्यांनी विचारलं, “भेटंल ना जागा?”

“मिळेल,” वीरण्णा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुराव्याशिवाय एक वाक्य उच्चारलं.

दुसरा जबाब त्यांनी जसाच्या तसा लिहिला. पोड उठते. जिमीन न्हाई उठत. लिहिताना हात अडखळत होता. ‘जमीन’ऐवजी ‘जिमीन’ काढताना मास्तरांची छडी आठवत होती. तरी लिहिलं.

सुनावणी जिल्ह्याच्या समितीपुढे, नांदेडला झाली. सरजाबाई पहिल्यांदा आगगाडीत बसल्या. शेषेरावांनी त्यांना खिडकीशी बसवलं होतं, आणि हिमायतनगर येईपर्यंत त्या उलट्या पळणाऱ्या झाडांकडे बघून म्हणत होत्या, “बघ, समदंच उठून राह्यलं.”

समितीच्या अधिकारी बाई थकलेल्या होत्या, दुष्ट नव्हत्या. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि प्रत्येक फाईल त्या खरोखर उघडत होत्या. त्यांनी दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले.

“आजी, हा अंगठा तुमचा?”

“हाव.”

“आणि हाही?”

“हाव. एकच अंगठा हाय मले.”

मागे कुणी तरी हसलं.

“पहिल्यात तुम्ही म्हणता स्थलांतर केलं. दुसऱ्यात म्हणता जमीन सोडलीच नाही. यातलं खरं काय?”

“स्थळंतर म्हंजे काय अस्ते?”

आता बरेच जण हसले. वीरण्णांच्या कानात दुसरीचा वर्ग हसला. ते उभे राहिले.

“मॅडम, त्यो शब्द माझा हाय,” ते म्हणाले. तोंडातून लिंबाखाली रडत येणाऱ्यांची भाषा बाहेर पडली, अर्जाची नव्हे. “बाईचा न्हाई. म्या घातला.”

“तुम्ही कोण?”

“अर्जनवीस. जबाब मी लिहिला.”

अधिकारी बाईंनी पहिला जबाब उचलला, खाली पाहिलं. “इथं लिहिलंय, जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे. हे तुमचंच अक्षर?”

“हो.”

“मग नीट विचार करून सांगा. या बाई जे बोलल्या नाहीत ते तुम्ही लिहिलंत, आणि त्यांना न समजता ‘बरोबर आहे’ लिहून अंगठा घेतलात, असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर मला नोंद घ्यावी लागेल. या ढिगात तुमच्याच हातचे किती जबाब आहेत?”

हा दुसरा सोडून एक्केचाळीस होते. अकरा पोडांचे. चाळीसांत काही चूक नव्हती. निदान कुणाला सापडली नव्हती. पण खालची ओळ तीच, अक्षर तेच. ती ओळ एका ठिकाणी खोटी ठरली तर सगळीकडे खोटी ठरत होती. वीरण्णांनी उज्वलांकडे पाहिलं. उज्वला त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, पण त्यांच्या हातानं वीरण्णांच्या शर्टाची कड टेबलाखाली धरली होती. ओढत नव्हता तो हात. नुसता धरून होता.

सरजाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. तोंड किंचित उघडं, तांब्या पुढे करताना होतं तसं.

वीरण्णा निटुरे खाली बसले.

“काही म्हणायचं नाही?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. शुद्ध मराठीत.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी उज्वला हळू आवाजात म्हणाल्या, “काका, बरोबर केलंत. बाकीची दहा पोडं वाचली.” वीरण्णांना ‘बरोबर’ हा शब्द तेव्हापासून ऐकवत नाही.

सरजाबाई कट्ट्यावर बसून बशीत चहा फुंकत होत्या. वीरण्णा समोर उभे राहिले. काही बोलायला हवं होतं, पण आयुष्यभर दुसऱ्यांची माफी लिहून दिलेल्या माणसाला स्वतःची तोंडी मागता येईना.

सरजाबाईंनी वर पाहिलं. “उठला होता तू,” त्या म्हणाल्या. “मंग बसला.” एक घोट घेतला. “पोडावानी.”

यात राग होता की थट्टा, हे वीरण्णांना कधी कळलं नाही. शेषेराव मात्र दुसरीकडे बघू लागले होते.

निकालात लिहिलं होतं की दुसरा जबाब पहिल्याशी विसंगत असून पश्चातबुद्धीने दिलेला दिसतो. पश्चातबुद्धी. वीरण्णांनी हा शब्द शेकडो वेळा दुसऱ्यांविरुद्ध वापरला होता. उन्हाळ्यात ओढ्यापलीकडे जमिनीभोवती चर खणला गेला आणि पावसाळ्यात आत सागाची रोपं लागली. दगड आत राहिले. मोहाची झाडं आत राहिली. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. वनखात्याचा एक हिरवा फलक लागला, एवढंच.

बाकीच्या दहा पोडांचे दावे एकेक करून मंजूर होत गेले. वजिराबादच्या खोलीत पेढे आले. वीरण्णांनी आपला पेढा कागदात गुंडाळून पेटीत ठेवला, आणि तो तिथंच वाळून खडा झाला. ते आता जबाब लिहीत नव्हते. उज्वलांनी आग्रह केला तरी नाही. नव्या मुलामुलींनी लिहिलेलं ते फक्त वाचत आणि विचारत, “हे शब्द त्यांचे की तुमचे?” दहादा विचारत. मुलं वैतागत. मंचात त्यांचं नाव ‘त्यांचे-की-तुमचे काका’ पडलं होतं.

यंदाच्या भाद्रपदात शेषेरावांचा फोन आला. सरजाबाई गेल्या. ताप आला होता. पंधरवड्यात पोडातलं हे तिसरं मरण.

वीरण्णा पोहोचले तेव्हा माती देऊन झाली होती. ओढ्याच्या अलीकडेच, एका पळसाखाली. तिथून चर दिसत होता, आणि चरापलीकडे कमरेएवढे वाढलेले साग. त्यात भीमाबाईचा दगड कुठला, हे इथून सांगता येत नव्हतं. एका माणसापुरती ठेवलेली जागा तिथंच कुठं तरी होती.

वीरण्णा पळसाखाली उभे राहिले. कुणी तरी तांब्या आणून दिला. देणाऱ्या बाईनं ‘पाणी’ म्हटलं. पाहुण्याला कळेल असं.

मग चावडीपाशी सगळं पोड जमलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. घरांपुढे काही गाठोडी बांधलेली वीरण्णांना दिसली. एका कुडाच्या घराचं गवताचं छप्पर उतरवून ठेवलेलं होतं. अर्धवट.

शेषेराव त्यांच्याजवळ आले. “काका, एक इचारायचं होतं. म्हणून थांबलोत समदे.”

“विचारा.”

“तिगं गेले. आता पोड उठाया पायजे. रीत हाय. वरच्या टेकाडाखाली जागा बघून ठेवली. दीडशे पावलं.” ते थांबले. “पन आता ह्या बसल्या जागेचा दावा टाकलाय ना मंचानं. उठलो, तर कागदात काय लिहून येईल?”

वीरण्णांनी वरच्या टेकाडाकडे पाहिलं.

“तुमी सांगसाल तसं,” शेषेराव म्हणाले. “उठावं का बसावं?”

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. एका म्हातारीच्या मांडीवर गाठोडं होतं, तिनं त्याची गाठ दोन्ही हातांनी धरली होती. उतरवलेल्या गवतावर एक कोंबडी चढून बसली होती.

वीरण्णांना ठाऊक होतं, कागदात काय लिहून येईल. कुठल्याही मंचानं, कितीही जपून, कुणाच्याही शब्दांत लिहिलं, तरी शेवटी टेबलावर कुणी तरी एका ओळीवर बोट ठेवील. तो शब्द त्यांनीच त्या टेबलावर नेऊन ठेवला होता. आता तो तिथून उठणार नव्हता.

“बसा,” ते म्हणाले. “उठू नका.”

“ताप असला तरी?”

“डॉक्टर बोलावू. फवारणी करून घेऊ. पण उठू नका.”

शेषेरावांनी मान हलवली. मग ते पोडाकडे वळले आणि कोलामीत बोलू लागले. बराच वेळ बोलले. म्हातारीनं गाठोड्याची गाठ सोडली. दोन माणसं उठून गवताकडे गेली आणि कोंबडीला हाकललं.

वीरण्णा ऐकत होते. ती भाषा त्यांना येत नव्हती. पण तिच्यात कुठं तरी आपल्या घरातलं काही सापडेल, म्हणून ते कान देऊन होते. एखादं ईर. एखादा अर्धा राहिलेला शब्द.

शेषेरावांच्या त्या सगळ्या बोलण्यात त्यांना एकच शब्द कळला. तो शेषेरावांनी तीनदा उच्चारला, आणि तिन्ही वेळा अगदी शुद्ध.

स्थलांतर.